आजीच्या नावाची साखर

परवा संध्याकाळी माझ्या सुनेने बसल्या जागी दोनशे बारा रुपये वाचवले. मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे हा चमत्कार मला प्रत्यक्ष पाहायला मिळाला. तिने मोबाइलवर बोट फिरवले, थोड्याच वेळात एक घामाघूम मुलगा दाराशी पिशवी ठेवून पळाला आणि मोबाइलवर अक्षरे झळकली की अभिनंदन, या खरेदीत आपण दोनशे बारा रुपयांची बचत केलीत. पिशवीत साखर होती, तेल होते, आणि एकावर एक फुकट मिळालेली शेवयांची दोन पाकिटे होती. आमच्या घरात शेवया कोणी खात नाही. एकूण माल नऊशे रुपयांचा.

"म्हणजे हे दोनशे वाचवायला आधी नऊशे घालवावे लागतात का गं?" मी विचारले.

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं," ती म्हणाली.

खरे आहे. मला एवढेच कळते की माझ्या आईने चाळीसहून जास्त वर्षे घरखर्चाची वही लिहिली. त्या वहीत जमा होते, खर्च होता, उसने दिले होते, उसने आणले होते, 'किरकोळ' होते. पण 'वाचले' असा रकाना नव्हता. वाचलेला पैसा दिसला की त्याला पाय फुटतात, असे तिचे अर्थशास्त्र होते.

या तांबड्या पुठ्ठ्याच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. आमच्या घराण्याचा ऐतिहासिक दस्तऐवज काय तो एवढाच. आमच्यातले कोणी पानिपतावर गेले असल्याचा पुरावा नाही. गेलेच असेल तर कोठीवर डाळतांदूळ मोजून द्यायला गेले असेल. तेव्हा आमच्या घराण्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो वाणसामानाचाच लिहावा लागेल, आणि तो लिहिण्याइतका मी आता रिकामा आहे.

आमचा इतिहास १९४३ साली सुरू होतो. त्याआधी आम्ही रत्नागिरीकडे होतो आणि पिकेल ते खात होतो. तो प्रागैतिहासिक काळ. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुंबईत कारकुनी लागली, दादरच्या एका चाळीत खोली मिळाली आणि ते आपल्या विधवा आईला घेऊन आले. नेमके त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. आदल्या वर्षी जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला होता. आजीची मात्र शेवटपर्यंत समजूत होती की आपण मायलेक आलो म्हणून मुंबईला धान्य पुरेना. "दोन तोंडं वाढली ना एकदम," असे ती अपराधी चेहऱ्याने सांगत असे. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. मुंबईकरांच्या हातात निदान कार्ड पडले, रांग पडली, आणि तांदळाबरोबर गहू पडला. जन्मभर भात खाल्लेली आजी चाळिशीला पोळी लाटायला शिकली. तिच्या पहिल्या पोळ्या पाहून अण्णांना शाळेतला भूगोल आठवत असे म्हणतात.

आजीला नाव आहे हा शोध मला रेशनकार्डावर लागला. मी नुकता वाचायला शिकलो होतो आणि दिसेल ते वाचत सुटलो होतो. घरात तिला कोणी आई म्हणे, कोणी आजी. चाळीत ती काकू होती, गावी वहिनी. कार्डावर मात्र अण्णांच्या नावाखाली, आईच्या नावाच्या वर, एका नदीचे नाव लिहिलेले होते. ही बाई कोण आणि ती आपल्या वाट्याचे धान्य का नेते, असे मी विचारल्यावर आई एवढी हसली की तिच्या हातातले सूप हलले. आजी हसली नाही. "माझंच ते," म्हणाली, आणि तिने कार्ड माझ्या हातून घेऊन फडताळात ठेवले. ती शाळेत गेली नव्हती, जमिनीच्या कागदावर नव्हती. सरकारने तिचे नाव पहिल्यांदा लिहून घेतले ते तांदळाच्या हिशेबात. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे मतदारयादीतून गळली, कारण त्यांनी नाव सांगताना अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. आमच्या आजीचे गळले नाही. मोजणीदारापुढे तिने म्हणे रेशनकार्डच नेऊन ठेवले. त्याच कार्डावर मी मात्र अर्धा माणूस होतो. लहान मुलाला मोठ्याच्या निम्मेच मिळे.

मध्यंतरी रेशनिंग गेले, आले, पुन्हा गेले. १९४७ च्या अखेरीला नियंत्रणे उठली, भाव भडकले, म्हणून पुन्हा बसवली. मग रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाल्यावर त्यांनी ती सोडवत आणली. हे सगळे राज्यकर्त्यांचे इतिहास. आमच्या घरातली खरी क्रांती १९५७ सालच्या १ एप्रिलला झाली. त्या दिवशी आणे-पै जाऊन नये पैसे आले.

रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. आता वरचा पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारने कोष्टक काढले: एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस. भल्या भल्या बी. ए. मंडळींनी हे कोष्टक भिंतीवर चिकटवून त्याकडे पाठ केली. आजीला ते मी एकदा वाचून दाखवले. ती दोन मिनिटे गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे चार आण्यांचे जिरे एकदम आणले तर पंचवीस, आणि आण्याआण्याचे चारदा आणले तर चोवीस?"

त्या दिवसापासून माझ्या बालपणाचा ऱ्हास सुरू झाला. आण्याचे जिरे, मग आण्याची मोहरी, मग पुन्हा आण्याचे जिरे, अशा माझ्या वाण्याकडे खेपा सुरू झाल्या. चार खेपांना एक नया पैसा सुटत असे. वाणी कच्छी होता आणि मराठी आमच्याहून चांगले बोलत असे. आठवडाभर त्याने पाहिले आणि मग पुडी बांधता बांधता म्हणाला, "बेटा, आजीला सांग, चपलेचा पण हिशेब धर."

मी अनवाणीच जात असे. हिशेब आजीचाच बरोबर होता.

पुडीबरोबर येणारा दोरा ती गुंडाळून ठेवी. त्या गुंडीने पुढे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुंजीएवढ्या— चुकलो, बहिणींच्या मुंजी होत नाहीत, माझ्याच मुंजीत केळीचे खांब बांधले गेले. पुडीचा कागद वाचून मगच चुलीला जाई. माझे सामान्यज्ञान त्यामुळे वाढले, पण कुठल्याच बातमीचा शेवट मला कळला नाही. दोडक्याची भाजी झाली की शिरांची चटणी, पोळ्या उरल्या की त्यांचा कुस्करा, भात उरला की फोडणीचा, आणि काहीच उरले नाही की "आज सगळं बेतशीर झालं" हे समाधान. पोटाला समाधान लागत नाही हे लहानपणी फार लवकर कळते.

नया पैसा पचतो न पचतो तोच शेर गेला आणि किलो आला. ही वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो हजाराचा, म्हणजे माल जास्तच येणार, असे अण्णांनी आजीला समजावले. आजीला मान्य नव्हते. तिच्या मनातला शेर वजनाचा नव्हताच, तो कोकणातला मापाचा शेर होता. चिपटे, मापटे, शेर, पायली, आणि माप कसे, तर वर शीग असलेले. शिगेचे दाणे घरंगळत खाली सांडले तरी देणाऱ्याने वर पुन्हा मूठ घालायची. तागडीला शीग नसते. काटा मधोमध आला की वाण्याचा हात थांबतो. "सरकारनं शीग खाल्ली," हे आजीचे दशमान पद्धतीवरचे एकमेव भाष्य. ते कुठल्या लोकसभेत झाले असते तर इतिहासात राहिले असते.

१९६५ साल आले. पाकिस्तानशी लढाई झाली, पावसाने ओढ दिली, आणि पीएल-४८० या कराराखाली येणारा अमेरिकेचा गहू किती दिवस येईल हे सांगवत नव्हते. लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितले. सोमवारी संध्याकाळी कितीतरी हॉटेलांच्या फळ्या लागत. आमच्या घरीही अण्णांनी जाहीर केले की सोमवारी रात्री चूल पेटणार नाही.

"माझा सोमवार आहेच," आजी म्हणाली.

मी तेव्हा चौदा वर्षांचा, म्हणजे देशभक्त होतो. मी म्हटले, "आजी, तो महादेवाच्या खात्यात गेला. देशाच्या खात्यात तोच कसा मांडशील? एक उपास दोनदा धरता येत नाही."

आजीला हिशेबातला मुद्दा कधी टाळता येत नसे. तिने थोडा विचार केला. "बरं, मग शनिवार देशाचा," ती म्हणाली.

उपासाने बचत होते हा एक गैरसमज आहे. आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाणा, दाण्याचा कूट, बटाटा आणि वर तूप. एकादशी परवडणे हीच एक श्रीमंती होती. पण ते आमचे उपास. आजी कपभर चहा घेई आणि असले तर केळे. पुढच्या जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला गेले. देश हळूहळू सोमवारचा जेवू लागला, अण्णाही जेवू लागले. आजीचा शनिवार राहिला. तो सुटला का, हे कोणी विचारलेही नाही. म्हातारी माणसे, त्यांचे कसले ना कसले असतेच.

मग १९७२ चा दुष्काळ. रेशनवर मिलो आली. ही अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फुटे, भाजली की वाळे आणि थंड झाली की तिच्यावर पाटीवरच्यासारखे लिहिता आले असते. भाव असे चढले की आईच्या वहीतल्या त्या वर्षीच्या पानांवर खाडाखोडच जास्त आहे. त्या वर्षी मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरुद्ध समिती काढली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. पुरुषांना एका व्यासपीठावर बसवायचे तर सतरंजीवरून भांडण होते, पण या बायका एका डाळीच्या भावावर एकत्र आल्या. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा तो हाच.

आमच्या चाळीतून अकरा जणी गेल्या. त्यात आई होती. निघताना घरात पंचाईत ही पडली की लाटणे कोणते न्यायचे. आजीने फडताळामागून एक जुने, मधोमध झिजलेले काढून दिले. "चांगलं नको नेऊस, गर्दीत बदलतं," आणि दाराशी गेल्यावर, "परत आण हो." आई परत आली तेव्हा लाटणे होते, आवाज नव्हता. घोषणा देऊन घसा पार बसला होता. दोन दिवस ती खुणांनी बोलली आणि त्या दोन दिवसांत घरात कोणी कोणाशी भांडले नाही. मोर्च्याच्या दिवशी अण्णांनी खिचडी केली होती. तिच्यात मीठ दोनदा पडले होते. महागाईच्या दिवसांत मीठ हा एकच जिन्नस स्वस्त होता हे आमचे नशीब.

पुढच्या वर्षी, १९७३ च्या श्रावणात, आजी गेली. शनिवारी गेली. तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर अण्णा आईला म्हणाले, "अगं, ते कार्डावरचं नाव कमी करायला हवं. उद्या मी दाखला घेऊन जातो."

अण्णा सरळ मार्गाचे होते. कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटले, "दिवाळी होऊ दे."

"दिवाळीचं काय? वर्षाच्या आत सण नाही आपल्याकडे. कढई चढायची नाही. साखर लागतेय कशाला?"

"कढई चढायची नाही म्हणूनच लागते. चाळीतल्या नऊ घरांतून फराळाची ताटं येतील. रिकामी ताटं परत पाठवू?"

इथे आजच्या वाचकांसाठी सांगायला हवे. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही, त्यात चिमूटभर का होईना साखर घालायची, हा रिवाज होता, आणि आमच्या घरात तो आजीचा होता. उघड्या बाजारात साखर हात भाजेल अशी होती, आणि रेशनची आम्हाला जेमतेम चहाला पुरे.

"पण ती साखर तिची आहे," अण्णा म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या नावावर आपण खायचं?"

तेव्हा आईने सूप खाली ठेवले. "आठ वर्षं शनिवारी रात्री त्या जेवल्या नाहीत," ती म्हणाली. "सोमवार वेगळा, एकादशी वेगळी. मागच्या वर्षी मिलो आल्यापासून गुरुवारही धरला होता. ते धान्य कार्डावर त्यांच्याच नावाचं येत होतं. खाल्लं कोणी? तेव्हा नाही विचारलंत कुणाच्या नावाचं ते."

अण्णा काही बोलले नाहीत. मी त्या वेळी पेपर वाचत होतो. बराच वेळ तेच पान वाचत होतो. शनिवार कोणाच्या सांगण्यावरून सुरू झाला होता हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होते, की आईलाही होते, हे मी तिला कधी विचारले नाही.

त्या दिवाळीला नऊ ताटे आली आणि नऊ ताटे साखर घालून परत गेली. तुळशीचे लग्न झाल्यावर आई स्वतः रेशनिंग कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने दाखल्यावरची तारीख पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, श्रावणात वारल्या आणि तुम्ही आज येताय? इतके दिवस काय करत होता?"

"तुमच्याच रांगेत होते," आई म्हणाली.

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात. कारकूनही हसला आणि त्याने नदीच्या नावावर तांबडी रेघ ओढली. घरी येऊन आईने वही काढली आणि त्या महिन्याच्या पानावर, देण्याच्या बाजूला, लिहिले: 'आजींची साखर, तीन महिने.'

यापुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो सुखाचा आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आदल्या वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक चळवळीची मुहूर्तमेढ रोवली होती, आणि मुंबईत तिच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत संगीतकार सुधीर फडके होते. ज्यांची गाणी रेडिओवर ऐकत आई डाळ निवडायची ते गृहस्थ त्या डाळीच्या भावात लक्ष घालतात, या गोष्टीने ती फार सुखावली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरायची, घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. आमच्या संघाचा माल आमच्या खोलीत उतरे. त्या दिवशी आम्ही गोण्यांवर बसून अभ्यास करायचो आणि बायका तागडी धरायच्या. वाटून शेवटी ओंजळभर शेंगदाणे उरत किंवा ओंजळभर कमी पडत. उरले तर कोणाचे, यावर जी चर्चा चाले ती ऐकून मला लोकशाहीविषयी आशा वाटू लागली. आई वाटताना काटा मधोमध आल्यावरही एक मूठ वर घालत असे. त्यामुळे कमी पडत ते बहुधा आमचेच.

मग १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे आले. १९९९ च्या महाराष्ट्र दिनापासून रेशनकार्डे पिवळी, केशरी आणि पांढरी झाली. आम्ही पांढऱ्यात गेलो, म्हणजे धान्य बंद आणि कार्ड पत्ता दाखवण्यापुरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मात्र एक गंमत केली. ज्या कुटुंबांना धान्य मिळते त्यांच्या कार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. म्हणजे आमची आजी पहिल्या ओळीवर आली असती आणि अण्णा तिच्या खाली, 'मुलगा' म्हणून. दुकानात आता यंत्रावर अंगठा लावावा लागतो. आईची दिवाळी त्या यंत्राने होऊ दिली नसती.

आई १९९६ साली गेली. हे लिहायचे म्हणून परवा ट्रंक खाली काढली आणि वह्या चाळल्या. दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी ओढलेली आहे. वाण्याची बाकी, दूधवाल्याची, शिवणारणीची. त्या फिटत, दुसऱ्या येत. एक मात्र १९७४ पासून पुढच्या प्रत्येक वहीत, त्याच वळणदार अक्षरात, ओढत आणलेली आहे. शेवटच्या वहीतही आहे.

सून चहा घेऊन आली तेव्हा मी तेच पान उघडून बसलो होतो. मी तिला विचारले, "तुझ्या त्या मोबाइलात देणं लिहायची सोय आहे का गं?"

"कुणाचं देणं?" तिने वाकून वाचले. "'आजींची साखर.' या कोण आजी, बाबा? नाव काय त्यांचं?"

मी नाव सांगितले.